दूध तपासायलाच एवढं शिकायचं का? (अन्नसुरक्षेतली नोकरी की पीएचडी)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचते आहे, लिहायची आज पहिलीच वेळ. चूकभूल पोटात घाला.

मी वाळवा तालुक्यातली. यंदा एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालं. बाबांचं गावात दूध संकलन केंद्र आहे, दोन्ही वेळचं मिळून साडेचारशे लिटरच्या आसपास. लहानपणापासून कॅनच्या झाकणांचा आवाज ऐकूनच जाग येते. त्यामुळे एम.एस्सी.चा प्रोजेक्टसुद्धा दुधावरच केला आणि अन्नातल्या जंतूंचा नाद लागला.

सध्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, दूध पावडरच्या कारखान्यात क्वालिटीच्या लॅबमध्ये ट्रेनी. हातात १९ हजार, पाळ्या फिरत्या, रात्रपाळी धरून. दुसरी, विद्यापीठात पीएचडी. गाइड चांगले आहेत, विषय त्यांनीच सुचवलाय : घरगुती दह्यातून प्रोबायोटिक लॅक्टोबॅसिलस, म्हणजे पोटाला उपकारक जंतू, वेगळे करणे आणि त्यांचे गुणधर्म तपासणे. फेलोशिप नाही, नेट थोडक्यात हुकली.

मला शेवटी संशोधनच करायचंय. पण अन्नसुरक्षेत संशोधन करणारा माणूस दिवसभर करतो तरी काय, हे मला कुणी धड सांगितलेलं नाही. कॉलेजात सगळे औषध कंपनीत नाहीतर पॅथॉलॉजीत जा म्हणतात. बाबा तर म्हणाले, "दूध तपासायलाच एवढं शिकायचं का? मी सातवी शिकून रोज तपासतोय."

यावर मला उत्तर सुचलं नाही, हे खरं.

---

रात्रपाळी

बाबांना सांगा, तुम्ही फॅट मोजता म्हणजे पैसे मोजता. जंतू मोजायला अजून कुणी गवळी तयार झालेला नाही.

चेष्टा सोडा. मी एका दूध संघाच्या टँकर उतरायच्या डॉकवर अकरा वर्षं काढली. लॅब म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येत असेल. आमच्याकडे रात्री दोनला टँकर लागतो, ड्रायव्हर दारात उभा राहून तंबाखू मळत असतो आणि "साहेब, झालं का" हे दर पाच मिनिटांनी. तेवढ्यात वास, चव, आम्लता, अल्कोहोल टेस्ट, भेसळीच्या चाचण्या. मग एमबीआर ही जंतूंची चाचणी लावायची. दहा मिली दूध, एक मिली मेथिलीन ब्लू, नळी ३७ अंशांच्या पाण्यात. जंतू जेवढे जास्त तेवढा निळा रंग लवकर उडतो. पाच तास निळं राहिलं तर दूध एक नंबर. अर्ध्या तासात पांढरं पडलं तर समजायचं, कुणीतरी कालचं दूध आजच्यात ओतलंय.

गंमत अशी की पाच तास टँकर कोण थांबवणार? प्लेटवर जंतू वाढवून मोजायचे तर निकाल दोन दिवसांनी. तोवर ते दूध पाश्चराइज होऊन, पिशवीत जाऊन, लोकांच्या चहात पडून संपलेलं असतं. आम्ही दोन दिवसांनी वहीत लिहितो : दूध खराब होतं.

नोकरी घ्या किंवा घेऊ नका, पण रात्रपाळीत झोप कशी मारायची ते आधी शिकून घ्या.

---

जुनी पेट्री

कृष्णाकाठ, अगं मुली, बाबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधण्यात माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली, सकाळी मोकळीच असते, म्हणून जरा पसरून लिहिते. कंटाळा आला तर रात्रपाळींचं वाचून पुढे जा, त्यांनी मुद्द्याचं अर्धं सांगून टाकलंय.

मी एम.एस्सी. झाले आणि तुझ्यासारखीच पावडरच्या कारखान्यात लागले. नाव सांगत नाही, तो कारखानाही आता नाही. दुसऱ्या पावसाळ्यात आमची एक खेप परत आली. घेणाऱ्याच्या लॅबला साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, सापडला होता. आमच्या वहीत मात्र त्या लॉटपुढे माझ्याच अक्षरात "अनुपस्थित" लिहिलेलं! मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही टेस्ट केली होती की नुसतंच लिहिलं होतं?" बाईमाणसाला असं विचारलं की रडू येतं असा त्यांचा समज असावा. मला राग आला.

टेस्ट मी केलेली होती. तुला माहीतच आहे, २५ ग्रॅम पावडर, २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटर, रात्रभर ३७ अंशांना, मग निवडक माध्यमं, मग प्लेट, लालसर वसाहत (जंतूंचा पुंजका) आणि मध्ये काळा ठिपका दिसतो का बघायचं. एका लॉटचे पाच नमुने घ्यायचे. राग आला म्हणून मी शिल्लक पोत्यांतून साठ नमुने घेतले. चार दिवस आणि चार रात्री. साठही निगेटिव्ह.

मग एका रविवारी घरी बसून गणित केलं. गणित सोपंय, तूही कर. समजा लॉटमधला शंभरातला एक नमुना दूषित आहे. तर पाच नमुने घेतल्यावर पाचही स्वच्छ निघण्याची शक्यता किती? ०.९९ चा पाचवा घात. म्हणजे ९५ टक्के! साठ घेतले तरी जवळजवळ ५५ टक्के वेळा तो लॉट बिनबोभाट पास होतो. म्हणजे मी इमानदारीने चार रात्री जागून जे केलं, ते रुपया उडवून छापा-काटा बघण्याइतकंच होतं. आमच्या एम.एस्सी.त माध्यमांची कृती तोंडपाठ करून घेतली होती. हा हिशेब मात्र कुणी शिकवला नव्हता.

पुढे वाचनात आलं, हा साक्षात्कार माझ्याआधी मोठ्या माणसांना होऊन गेलाय. १९५९ साली नासाला अंतराळवीरांसाठी अन्न हवं होतं आणि ते काम पिल्सबरी या पीठ विकणाऱ्या कंपनीकडे आलं. हॉवर्ड बाउमन हे तिथले मायक्रोबायोलॉजिस्ट. यानात माणसाला जुलाब लागणं परवडणारं नव्हतं, तेव्हा खात्री शंभर टक्के हवी. त्यांनी हिशेब मांडला तर लक्षात आलं, एवढी खात्री देण्याइतके नमुने तपासायचे तर बॅचमधलं बहुतेक अन्न तपासणीतच संपेल, यानात पाठवायला थोडंसंच उरेल. म्हणून त्यांनी शेवटच्या मालाकडे बघणं सोडलं आणि धोका नेमका कुठे शिरतो, कुठे अडवता येतो, ते एकेक पायरीवर बघायला लागले. आज ज्याला आपण हॅसेप म्हणतो आणि ज्याच्या फायली ऑडिटच्या आदल्या रात्री भरतो, त्याची सुरुवात ही.

तर मी पोती सोडली आणि नमुने घ्यायचे कापसाचे ओलसर बोळे घेऊन कारखान्यात फिरायला लागले. भिंत, जिना, पावडर वाळवायच्या टॉवरखालची जमीन, पोतं भरायच्या नळीचं तोंड, कामगारांच्या चपला. आमचा एक फिटर होता, मिरजेकडचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, ते पॅकिंगच्या कोपऱ्यात पत्रा गळतो, तिथं बघा." मी मान हलवली आणि माझ्या नकाशाप्रमाणे दुसरीकडून सुरुवात केली. शहाणपण होतं ना! तीन आठवडे काही मिळालं नाही. चौथ्या आठवड्यात पॅकिंगच्या खोलीतल्या व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी उघडली आणि त्यातली धूळ तपासली. प्लेटवर काळे ठिपकेच ठिपके. मग मुकाट्याने त्या गळक्या पत्र्याखालच्या फरशीच्या भेगेत बोळा घातला. तिथंही तोच.

घडत काय होतं? पत्र्यावर पक्षी बसायचे, पाऊस त्यांची घाण घेऊन आत गळायचा. एवढं तर समजण्यासारखं. पण खरी गोम पुढे होती. आमचे लोक रोज रात्री पॅकिंगची खोली पाइप लावून स्वच्छ धुवायचे. पावडर कोरडी, खोली कोरडी, जंतू भेगेत उपाशी बसलेला. त्याला आम्ही रोज रात्री पाणी आणि सांडलेली पावडर असा दुधाचा खुराक घालत होतो आणि सकाळी ते वाळून धूळ होऊन उडत होतं. मी म्हटलं, इथे पाणी बंद करा, कोरडा झाडू, व्हॅक्यूम आणि पुसणं एवढंच. काय गहजब झाला! पाण्याशिवाय स्वच्छता ही गोष्ट आपल्याकडे कुणाच्या गळी उतरत नाही. आपल्याला सकाळी अंगणात सडा, दुपारी ओटा धुणं, संध्याकाळी पाय धुणं. एक सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरी न धुता स्वयंपाक करता का?" दीड महिना लागला ती सवय मोडायला. पत्रा मात्र दिवाळीनंतर बदलला, तो खर्चाचा विषय होता.

त्या पावसाळ्यातून मला पीएचडीचा विषय मिळाला, आणि हेच तुला सांगायचंय. पावडरीत पाणी जवळजवळ नाही. तिथे हा जंतू वाढू शकत नाही, पण मरतही नाही, महिनोनमहिने पडून राहतो. का? आणि वाळलेला असताना तो उष्णतेला सहज दाद का देत नाही? दुधात असताना पाश्चरायझेशनच्या ७२ अंशांना पंधरा सेकंदांत तो संपतो. तोच पावडरीत वाळून बसला की तेवढ्या तापमानाला हसतो. पाच वर्षं मी काचेच्या बरण्या घेऊन बसले होते. तळाशी क्षाराचं संपृक्त द्रावण, वर जाळीवर पावडर. साध्या मिठाचं द्रावण ठेवलं की बरणीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर थांबते, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३, लिथियम क्लोराइडवर ११. एवढ्या साध्या सामानावर अख्खा प्रबंध उभा राहिला. जितकं कोरडं, तितका तो जास्त तगून राहतो, हे माझ्या आधी लोकांनी दाखवलेलं होतं. मी ते आपल्या पावडरीत, आपल्या गोदामांच्या तापमानाला, मे महिन्यासकट मोजलं. जगाच्या दृष्टीने छोटी भर. पण त्यानंतर मला कुठल्याही पावडरच्या कारखान्यात कुणी "तुम्ही पुस्तकातलं बोलता" असं म्हणालं नाही.

दिवसभर काय करतो विचारलंस. धुतो. खरंच, काचसामान धुण्यात आणि ऑटोक्लेव्हची (सामान निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरची) शिट्टी ऐकण्यात पहिली दहा वर्षं जातात. १२१ अंश, पंधरा मिनिटं, हे आकडे झोपेत बडबडायचे मी. ४८ तासांनी मोजायच्या प्लेट शुक्रवारी ओतायच्या नाहीत, नाहीतर रविवार गेला. मी हे लग्नानंतर शिकले. तीस ते तीनशेच्या मधल्या वसाहती मोजायच्या, त्याखाली भरवसा नाही, त्यावर डोळे फिरतात. यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा वास साडीला बसतो. मग कारखान्यांच्या भेटी, गटारांवरच्या जाळ्या उचलणं, मीटिंगा, अहवाल. आणि आपलं काम नीट झालं तर बातमी होत नाही, कारण काही घडतच नाही. बढतीच्या मुलाखतीला "आपलं मोठं यश?" असं विचारल्यावर काय सांगायचं, हा प्रश्न मला शेवटपर्यंत पडायचा.

पीएचडी नसली तर संशोधक म्हणून कोण विचारणार, अशी तुला धास्ती असेल. ॲलिस इव्हान्सचं नाव ऐकलंयस? ही अमेरिकेतली बाई १९१० साली तिथल्या कृषी खात्याच्या डेअरी विभागात लागली. पीएचडी नव्हती, पुढेही केली नाही. गाईंचा गर्भपात घडवणारा जंतू आणि माल्टा बेटावर शेळ्यांच्या दुधातून माणसांना ताप आणणारा जंतू, या दोघांकडे लोक वेगवेगळे म्हणून बघत होते. हिने ते शेजारी ठेवून तपासले आणि म्हणाली, हे तर सख्खे भाऊ दिसतात, म्हणजे कच्च्या गाईच्या दुधातूनही माणसाला हा ताप येत असणार. १९१८ मध्ये छापलं. मोठमोठ्या लोकांनी उडवून लावलं. एक तर बाई, त्यात डॉक्टरेट नाही; आणि खरंच असं असतं तर आजवर कुणाला दिसलं नसतं का, हे त्यांचं म्हणणं. १९२२ मध्ये काम करता करता तिला स्वतःलाच हा ताप, म्हणजे ब्रुसेलोसिस, झाला. पुढे वीसेक वर्षं तो उलटत राहिला, आणि आधी डॉक्टर म्हणत होते, मज्जातंतूंचा थकवा आहे, मनाचे खेळ आहेत. १९२८ मध्ये तीच अमेरिकेतल्या बॅक्टेरिऑलॉजिस्टांच्या सोसायटीची अध्यक्ष झाली, पहिली स्त्री अध्यक्ष. तुझ्या बाबांच्या केंद्रावरचं दूध डेअरीत गेल्यावर का तापवतात, त्यात या बाईचा हात आहे.

आपल्याकडचंही एक सांगते. १९७४ ला राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली, शंभरावर माणसं गेली. पण नेहमीच्या साथीच्या काविळीसारखी ती वागत नव्हती. त्याच घरांतली कुत्रीही आजारी पडत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची माणसं गावांत गेली, लोक काय खातात ते पाहिलं. कापणीच्या वेळी पाऊस झाला होता, मका ओला साठवलेला, त्यावर बुरशी, आणि बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. मालकाच्या ताटातलंच कुत्र्याच्या पुढ्यात जातं, हे लॅबमध्ये बसून सुचत नाही.

म्हणून माझं मत : नोकरी घे. दोन वर्षं. पण लॅबमध्ये बसून नमुने येण्याची वाट बघू नकोस, बोळे घेऊन खाली जा, फिटरचं ऐक, स्वतःची वेगळी वही ठेव. विषय तुला सापडेल. तुझ्या गाइडना मी नावं ठेवत नाही, पण दह्यातून लॅक्टोबॅसिलस वेगळे करणाऱ्या प्रबंधांची चळत मी परीक्षक म्हणून वाचली आहे. त्यातल्या एकाही मुलीने किंवा मुलाने दही लावणाऱ्या बाईला एकही प्रश्न विचारलेला मला दिसला नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पुढेमागे खाद्य विश्लेषकाची परीक्षा द्यावीशी वाटली, तर अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. ती रात्रपाळी तिथे उपयोगी पडेल.

---

ताकमेथी

विषयांतर करते, राग मानू नका. जुनी पेट्री ताई, तुमचं वाचून मी ओटा धुवायची थांबलेच दोन मिनिटं! एक विचारू का? सासूबाई रात्रीचा भात ओट्यावरच झाकून ठेवतात आणि सकाळी फोडणीचा करतात. मी म्हणते फ्रिजमध्ये ठेवा, त्या म्हणतात फोडणी दिल्यावर कुठला जंतू राहतोय. कोण बरोबर?

---

उत्तरवारा

जुनी पेट्री यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. सुंदर. पण सल्ल्याशी सहमत नाही.

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या डेन्मार्कमध्ये पोस्टडॉक, लिस्टेरिया या अन्नातून आजार करणाऱ्या जंतूवर काम करतो. माझ्या बॅचमधले सहा जण "दोन वर्षं अनुभव घेऊ, मग पीएचडी" म्हणून कारखान्यांत गेले. एकही परत आला नाही. लग्न, घराचा हप्ता, मग असिस्टंट मॅनेजर. दोन वर्षांची दहा कधी झाली कळलं नाही. फेलोशिपला वयाची अट असते, तीही आपल्यासाठी थांबत नाही. त्यापेक्षा नेट पुन्हा दे. नेटमधून मिळणारी जेआरएफ फेलोशिप आता महिना ३७ हजार आहे, तुझ्या ट्रेनीच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट.

दुसरं, काम आता बदललंय. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लिस्टेरियाची आजवरची सगळ्यात मोठी साथ झाली, हजारावर रुग्ण, दोनशेच्या वर मृत्यू. पोलोनी नावाचं सॉसेजसारखं तयार मांस, ते बनवणारा एक कारखाना. रुग्णांमधल्या जंतूचा जीनोम (सगळा जनुकसंच) आणि कारखान्यातल्या जंतूचा जीनोम जुळला, तेव्हा शंका उरली नाही. लिस्टेरिया चार अंशांना फ्रिजमध्येही वाढतो आणि आजार दिसायला कधीकधी आठवडेच्या आठवडे लागतात. माणसाला महिन्यापूर्वी काय खाल्लं ते आठवत नाही, जीनोमला आठवतं. हे शिकायचं तर पीएचडीतच शिकता येतं, रात्रपाळीत नाही.

एक मराठी माणसाच्या जवळचं उदाहरण देतो. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूची भयानक साथ आली, पन्नासावर माणसं गेली, अनेकांच्या किडन्या बंद पडल्या. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचं फुकट दिवाळं निघालं. शेवटी माग लागला तो मोड आलेल्या मेथीपर्यंत, बी इजिप्तमधून आलेलं. आपण मोडाची मेथी शिजवून उसळ करतो, ते लोक सॅलडवर कच्ची घालतात.

विषय मात्र बदलून घे, दह्याबद्दल ताईंशी शंभर टक्के सहमत.

---

जुनी पेट्री

ताकमेथी, आधी तुझं, कारण तुझ्याकडे आज रात्रीही भात उरेल. सासूबाईंचं चुकतंय, पण का ते नीट सांग, नाहीतर भांडण होईल. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट पडला की ते जागे होतात, वाढतात आणि उलटी करवणारं विष तयार करतात. ते विष १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाही, तुझ्या फोडणीचं काय घेऊन बसलीस? जंतू मरेल, विष राहील. भात पसरट ताटात काढ, लवकर निवू दे, वाफ गेली की फ्रिजमध्ये. भरलेलं खोल पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भात कितीतरी तास कोमटच राहतो.

या जंतूवरून आठवलं. नॉर्वेत १९४०च्या दशकाच्या शेवटी व्हॅनिला सॉस खाऊन सहाशे माणसं आजारी पडली. तिथल्या स्टाइनर हाउगे या शास्त्रज्ञाला सॉसमध्ये हा जंतू सापडला, पण हाच दोषी कशावरून? त्याने तो जंतू व्हॅनिला सॉसमध्ये वाढवला आणि दोनशे मिली स्वतः प्यायला. तेरा तासांनी पोटात कळा आणि जुलाब. सिद्ध झालं! मला हे कुणी करू दिलं नसतं, आणि खरं सांगते, धाडसही झालं नसतं.

उत्तरवारा, लग्न आणि घराच्या हप्त्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी ते लिहायला हवं होतं. माझ्याच्याने परत येणं झालं, कारण यजमान शिक्षक होते आणि मुलगा आजीकडे वाढला. सगळ्यांना अशी सासू मिळत नाही. नेटचंही बरोबर, ती दोन्हीकडे राहून देता येते.

पण तुमची मेथी मी तुमच्यावरच उलटवते. जर्मनीतल्या त्या बियांवर तो जंतू शेवटपर्यंत सापडला नाही. मग मेथीपर्यंत पोचले कसे? आजारी लोकांना विचारलं तर मोड खाल्ल्याचं बहुतेकांना आठवतच नव्हतं, शोभेला वर चिमूटभर टाकलेलं कोण लक्षात ठेवतं? म्हणून त्यांनी एका रेस्टॉरंटात जेवून गेलेल्यांनी काय मागवलं ते बिलांवरून आणि टेबलावर काढलेल्या फोटोंवरून शोधलं आणि मग आचाऱ्याला विचारलं, या पदार्थात तू काय काय घातलंस? उत्तर स्वयंपाकघरात होतं. जीनोमने जंतूची ओळख पटवली, ते मानतेच. पण आचाऱ्याला विचारायचं सुचलं, ते कुणीतरी खाली उतरलं म्हणून.

---

उत्तरवारा

हा पॉइंट तुमचा. बियांवर सापडला नाही हे मी लिहायचं टाळलं होतं. :)

---

रात्रपाळी

आमच्या संघाचा पत्राही गळतो. उद्या व्हॅक्यूमची पिशवी उघडून बघावी म्हणतो. नको, राहू दे. आधी बदलीचा अर्ज टाकतो, मग उघडतो.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय कारण मधे थोडं काम काढलं होतं.

जुनी पेट्री ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पत्र्याच्या गोष्टीला ते हसले. ॲलिस बाईंचं ऐकून म्हणाले, "म्हणजे तिलाच लागण झाली होय?" आणि गप्प बसले. मग ०.९९ चा पाचवा घात त्यांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघितला, दोनदा. तिसऱ्यांदा फॅटच्या मशीनकडे संशयाने बघत केला.

ठरवलं असं आहे की नोकरी घेतेय आणि डिसेंबरची नेट देतेय. गाइड सरांना जाऊन भेटले, मला दह्याचा विषय नको असं सांगितलं. ते चिडतील वाटलं होतं. ते म्हणाले, मग काय हवंय? मला सांगता आलं नाही. वर्षभराने सांगायला या, जागा राहील की नाही माहीत नाही, असं म्हणाले. उत्तरवारा दादा, तुमचे सहा मित्र माझ्या डोक्यात आहेत. वहीच्या पहिल्या पानावर "सहा" एवढंच लिहून ठेवलंय.

तर मधलं काम. आमच्या केंद्रावर एका उत्पादकाचं दूध कायम लवकर नासतं, विशेषतः संध्याकाळचं. बाबा त्याच्यावर वैतागलेले, पाणी घालतो म्हणून. लॅक्टोमीटर मात्र पाणी दाखवत नाही. मी त्याच्याबरोबर त्याच्या गोठ्यावर गेले. त्याच्या बायकोने कॅन माझ्यासमोर घासून लख्ख धुतला, गरम पाण्याने, मी सुद्धा एवढा धुतला नसता. मग झाकण लावून उलटा ठेवला. मी झाकणाचं रबर नखाने उचललं. खाली पिवळसर, बुळबुळीत थर. ती म्हणाली, "हे निघतं होय?"

कॉलेजची लॅब अजून वापरू देतात. झाकणाच्या रबराखालचा एक बोळा, कॅनच्या तळाचा एक, आणि बाबांच्या मोजायच्या मापाचा एक, असे तीन घेतलेत. बाबांचं माप कशाला, असं बाबा म्हणाले. काल शनिवारी ओतल्यात, उद्या सकाळी मोजते.